पहिला नंबर माझा, टाळ्या त्याच्या

प्रिय ताई,

मी एकवीस वर्षांची आहे, मिरजेत राहते आणि लहानपणापासून किराणा घराण्याचं गाणं शिकते आहे. गेल्या महिन्यात एका खुल्या ख्यालगायन स्पर्धेत मला पहिला क्रमांक मिळाला. मी मारवा राग गायले. माझा नंबर सकाळी चौथा होता, अकराच्या सुमारास. डोळे उघडले की समोर परीक्षकांचं टेबल आणि त्यावरचं घड्याळच दिसायचं. वीस मिनिटांनी घंटा झाली, मी थांबले, थोड्या टाळ्या पडल्या. संध्याकाळी शेवटून दुसरा एक मुलगा गायला. त्याचा हंसध्वनी राग होता, शेवटी तराणा, म्हणजे 'तोम तन देरेना' अशा बोलांची बंदिश. त्याच्या तिहाईला, एकच तुकडा तीनदा घेऊन तो तालाच्या समेवर आला तेव्हा, लोक उभे राहिले. निकालात तो दुसरा आला आणि रसिकांनी चिठ्ठ्या टाकून दिलेलं पारितोषिकही त्यालाच मिळालं. माझं नाव पुकारल्यावर सभागृह गप्प झालं. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अहो, आणि तो मुलगा?" आयोजकांनी टाकलेल्या व्हिडिओखाली आता लोक लिहितात की एक परीक्षक आमच्याच घराण्याचे, म्हणून हा निकाल. ते माझे गुरू नाहीत. त्या दिवशीच मी त्यांना पहिल्यांदा भेटले.

पुढच्या महिन्यात विजेत्यांची मैफल आहे, संध्याकाळी साडेसहाला. मला पाऊण तास मिळणार आहे. मी बक्षीस परत करू का? मैफलीत मीही एखादा पटकन रंगणारा राग आणि तराणा घेऊ का? लोकांना मारवा नकोच असेल तर तो शिकून उपयोग काय? आणि त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया बंद करा, असं आयोजकांना सांगितलं तर चालेल का?

— म., मिरज

प्रिय म.,

बक्षीस परत करू नकोस. तू काही लपवलेलं नाहीस, कुणाचं काही हिसकावलेलं नाहीस. आज तू बक्षीस परत केलंस तर व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांना वाटेल की आपला संशय खरा ठरला. शिवाय ज्या तिघा परीक्षकांनी वीस मिनिटं मन लावून तुझं गाणं ऐकलं, त्यांच्या कानांचाही तो अपमान होईल.

आता त्या शांततेबद्दल. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तीन वेगळ्या गोष्टी तुझ्या मनात एकाच दुखण्यात मिसळून गेल्या आहेत. तू गात होतीस तेव्हा सभागृह शांत होतं. तुझं गाणं संपल्यावर टाळ्या कमी पडल्या. आणि निकाल लागल्यावर लोक नाराज झाले. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि यातली एकच गोष्ट तुझ्या गाण्याबद्दल काही सांगते. ती कोणती, ते नंतर बोलू.

पहिली शांतता मारव्याची आहे. मारवा तुला शिकवलेला आहे, तेव्हा मी नवीन काही सांगत नाही, फक्त तो श्रोत्यांच्या बाजूनं कसा लागतो ते बघ. पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे सा, ज्यावर प्रत्येक श्रोता नकळत टेकायला बघतो, तो तू मुद्दाम लांब ठेवतेस. रिषभ-धैवतावर फिरत राहतेस, निषादावरून वळून परत खाली येतेस. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. हा रागाचा स्वभाव आहे, आणि तो नीट गायला गेला तर लोक टाळी वाजवायच्या मनःस्थितीत नसतातच. मारव्यात दाद मिळते ती षड्ज एकदाचा लागतो तेव्हा, आणि तीही बहुधा टाळीची नसते. बैठकीत समोर बसलेला माणूस हलकेच मान हलवतो, कुणी "वा" म्हणतं, कुणी नुसता श्वास सोडतं. मोठ्या सभागृहात दहाव्या रांगेतला तो सोडलेला श्वास तुला कसा ऐकू येणार?

त्यात वेळ बघ. सूर्य मावळतानाचा राग तू सकाळी अकराला गायलीस. स्पर्धेत हे चालवून घेतात आणि चालवून घ्यायलाच हवं, नाहीतर निम्मे राग स्पर्धेतून बाद होतील. पण बाहेर लख्ख ऊन, सभागृहात सगळे दिवे लावलेले, लोक अजून आत-बाहेर करताहेत, चहाचे कप हातात आहेत. मारव्याची हुरहूर अंगात भिनायला लागणारी तयारी तिथे कुणाचीच नव्हती. आणि वीस मिनिटांत संथ विलंबित मांडून जलद द्रुतापर्यंत जायचं म्हणजे षड्ज खऱ्या अर्थानं हाती लागायच्या आत घंटा होते. तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला असता तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

दुसरी गोष्ट टाळ्यांची. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांचे छोटे गट बसवले, त्यांच्यापुढे कुणीतरी भाषण केलं आणि शेवटी टाळ्या कशा सुरू होतात, कशा थांबतात, हे चित्रीकरणावरून मोजलं. माणूस टाळी वाजवायला लागतो तो मुख्यतः आजूबाजूला किती जण वाजवताहेत ते ऐकून, आणि थांबतो तोही तसाच, असं त्यांना आढळलं. त्यामुळे सारख्याच दर्जाच्या भाषणाला एकदा थोडक्यात टाळ्या पडायच्या, एकदा खूप वेळ. टाळ्या किती वेळ चालल्या यावरून भाषण किती चांगलं होतं ते सांगता येत नव्हतं. भाषण आणि गाणं सारखं नाही, हे मलाही कळतं. पण त्या मुलाच्या तिहाईला पहिल्या रांगेतले चार जण उभे राहिल्यावर पाचव्या रांगेतल्या माणसाला बसून राहणं किती अवघड गेलं असेल, याचा विचार कर. तुझं गाणं संपलं ते घंटेवर, अर्ध्यात, समेवर येऊनही मोकळं न होता. टाळी सुरू करायची कुणी, हेच लोकांना कळलं नसेल.

म्हणून त्या मुलाची दाद खोटी होती, असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. तुझ्या पत्रात "पटकन रंगणारा राग" असे शब्द आहेत आणि ते मला खटकले. हंसध्वनी मूळचा कर्नाटक संगीतातला. हिंदुस्थानी गाण्यात तो रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांना दिलं जातं. त्यांच्या गाण्याचा अमीर खाँसाहेबांवर खोल परिणाम झाला आणि अमीर खाँसाहेबांचा हंसध्वनीतला तराणा आजही जाणकार कानाला हात लावून ऐकतात. तराण्याचे बोल निरर्थक नाहीत, त्यात फारसी अर्थ दडलेला आहे, असं अमीर खाँसाहेब मानत आणि त्याचा त्यांनी ध्यास घेऊन अभ्यास केला होता. आता मारवा म्हटल्यावर तुझे गुरुजी तुला पहिल्यांदा कुणाचं ध्वनिमुद्रण ऐकायला सांगतात? बहुतेक अमीर खाँसाहेबांचंच. वसंतराव देशपांड्यांचंही सांगत असतील. ज्या गळ्यानं मारव्यातली ती दीर्घ, न संपणारी बेचैनी दाखवली, त्याच गळ्यानं हंसध्वनीचा तराणा गायला. एक खोल आणि दुसरं उथळ अशी वाटणी त्यांनी केली नाही. तूही करू नकोस. त्या मुलानं वीस मिनिटांच्या चौकटीत बसणारी गोष्ट निवडली आणि ती बहारीनं पार पाडली. श्रोत्यांनी त्याला मनापासून दिलं ते त्याच्या हक्काचंच आहे.

आता निकालावरची नाराजी. हे तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या संगीतस्पर्धांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे, आणि त्यातल्या दोन विजेत्यांबद्दल तुला सांगावंसं वाटतं. ते पियानोवादक आहेत, आपल्या संगीतातले नाहीत. पण पहिलं येऊनही सभागृहाला नकोसं होणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल.

पोलंडमध्ये वॉर्सा इथे १९२७ पासून शोपँ या पोलिश संगीतकाराच्या नावानं, त्याच्याच रचनांची पियानोस्पर्धा होते, साधारण दर पाच वर्षांनी. आपल्याकडे क्रिकेटचा सामना चालतो तशी ती तिथे घराघरांत ऐकली जाते. १९८० साली युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच नावाचा तरुण आला. त्याचं वादन रूढ पद्धतीहून इतकं वेगळं होतं की परीक्षकांमध्ये दोन तट पडले. श्रोते मात्र वेडे झाले. अंतिम फेरीत त्याला घेतलं नाही तेव्हा परीक्षक मंडळातल्या मार्था अर्गेरिच, ज्या स्वतः १९६५ साली इथेच पहिल्या आल्या होत्या, "तो अलौकिक प्रतिभेचा आहे" असं सांगून निषेधानं निघून गेल्या. ही बातमी जगभर गेली. पोगोरेलिचला एका बड्या ध्वनिमुद्रण कंपनीनं लगेच करारबद्ध केलं. ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि सांगणारे बहुधा इथेच थांबतात.

त्या वर्षी पहिलं कोण आलं? व्हिएतनामचा डांग थाय सोन. हनोईचा मुलगा. युद्धाच्या काळात, बाँब पडत असताना, त्याच्या संगीतशाळेला शहर सोडून खेड्यात जावं लागलं होतं. आई पियानो शिकवायची, तिच्याकडेच तो शिकला, मग पुढे मॉस्कोला गेला. शोपँ स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई. पहिल्या क्रमांकाबरोबर पोलोनेझ, माझुर्का आणि कन्चेर्टो या शोपँच्या रचनाप्रकारांसाठीची खास पारितोषिकंही त्यालाच मिळाली. एवढं होऊनही त्या वर्षाची आठवण निघाली की लोक नाव काढतात ते अंतिम फेरीत न पोचलेल्याचं. जिंकलेल्या माणसाला हे आयुष्यभर ऐकावं लागलं.

त्यानं काय केलं? पोगोरेलिचसारखं वाजवायला तो गेला नाही. शोपँच वाजवत राहिला, शिकवत राहिला. पुढे त्याच स्पर्धेत अनेकदा परीक्षक म्हणून बसला. आणि २०२१ साली वॉर्सात पहिला आलेला कॅनडाचा ब्रूस लिऊ हा त्याचा शिष्य. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पोगोरेलिचवर अन्याय झाला असं मानणारे आणि डांग थाय सोनचा विजय योग्यच होता असं मानणारे, दोघेही बरोबर असू शकतात. तो निकाल एका तरुणाला नाकारणारा होता म्हणून दुसऱ्याचं वादन खोटं ठरत नाही.

दुसरा विजेता मॉस्कोचा. तिथल्या चायकॉव्हस्की स्पर्धेत १९६६ साली लेनिनग्राडचा ग्रिगोरी सोकोलोव्ह पहिला आला. वय १६ वर्षं. श्रोत्यांचा लाडका होता अमेरिकेचा मिशा डिक्टर, तो दुसरा आला. निकालावर मॉस्कोतले रसिक चिडले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष एमिल गिलेल्स यांना बोल लावले गेले, की या कोवळ्या पोराला कशासाठी? आज सोकोलोव्ह यांचं नाव जगातल्या मोजक्या थोर पियानोवादकांत घेतात. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत नाहीत, ऑर्केस्ट्राबरोबरही वाजवत नाहीत, एकट्यानंच मैफली करतात. मैफल संपली की लोक उठायला तयार नसतात आणि ते एकामागून एक, बऱ्याचदा सहा-सहा रचना जादा वाजवतात. आपल्या संगीत नाटकांतल्या वन्समोअरची आठवण व्हावी, असा तो प्रकार असतो. १९६६ च्या त्या सभागृहाला आपली चूक कळायला वेळ लागला.

सभागृह आणि परीक्षक यांचं नेहमी वाकडंच असतं असंही नाही. १९५८ साली त्याच मॉस्कोत, शीतयुद्ध ऐन भरात असताना, टेक्सासच्या व्हॅन क्लायबर्नसाठी रशियन श्रोते आठ मिनिटं उभ्यानं टाळ्या वाजवत होते आणि पहिला क्रमांकही त्यालाच मिळाला. त्याच्याच नावानं अमेरिकेत होणाऱ्या स्पर्धेत २०२२ साली कोरियाचा १८ वर्षांचा युनचान लिम पहिला आला, श्रोत्यांचं पारितोषिकही त्यालाच. असं जुळून येतं तेव्हा सगळेच सुखी होतात.

परीक्षक चुकत नाहीत, असं तुला सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. ते चुकतात. चिया-जुंग त्साय या संशोधिकेनं २०१३ सालीच एक अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या संगीतस्पर्धांच्या अंतिम फेरीतले छोटे तुकडे लोकांना दिले आणि तिघांतला विजेता ओळखायला सांगितला. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून फक्त चित्र दाखवलं. आवाजावरच निकाल ठरायला हवा, असं जवळपास सगळेच म्हणाले. पण विजेता जास्त वेळा ओळखला तो मुकं चित्र बघणाऱ्यांनी, साधारण निम्म्या वेळा, आणि यात व्यवसायानं संगीतकार असलेली माणसंही होती. म्हणजे हातवारे, चेहरा, बसण्याचा डौल यांचा परिणाम सगळ्यांच्या मनावर होतो, परीक्षकांच्याही. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास दोन संशोधकांनी १९९६ साली मांडला. वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी सुरुवातीला वाजवणारे मागे पडतात आणि शेवटी-शेवटी वाजवणारे वर येतात, असं त्यात दिसलं. तुझं काय झालं बघ. सकाळी चौथी गायलीस. दिवसभरात तुझ्यानंतर कितीतरी जण गायले, शेवटाकडे तो मुलगा सभागृह उठवून गेला. एवढं सगळं होऊनही संध्याकाळी त्या तिघांच्या कानांत सकाळचा मारवा टिकून होता. तुला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते: क्रमाचा, वेळेचा, टाळ्यांचा, कशाचाच फायदा तुला झालेला नाही.

घराण्याचा आरोप. एकाच घराण्याचे असणं म्हणजे गुरू-शिष्य असणं नव्हे. महाराष्ट्रात ख्यालाची स्पर्धा घ्यायची आणि किराण्याचा माणूस परीक्षक नको म्हणायचं, तर परीक्षक आणायचे कुठून? वॉर्सामध्ये नियम आहे की परीक्षकानं आपल्या स्वतःच्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत, आणि स्पर्धेनंतर प्रत्येक परीक्षकानं कुणाला किती गुण दिले ते जाहीर करतात. २०१५ साली अंतिम फेरीत सोंग-जिन चो या कोरियन तरुणाला बहुतेक परीक्षकांनी १० पैकी ९ किंवा १० गुण दिले होते आणि एका फ्रेंच परीक्षकानं दिला होता १. तरी चो पहिला आला. तो तक्ता सगळ्या जगानं पाहिला. आपल्याकडच्या स्पर्धांनी हे करायला हवं, असं मला फार तळमळीनं वाटतं. गुणपत्रकं कपाटात बंद राहतात म्हणूनच अशी कुजबुज माजते आणि तिचा त्रास विशी-एकविशीतल्या मुलांना होतो. तू आयोजकांना एक छोटं पत्र लिही: मी अमुक परीक्षकांकडे कधीही शिकलेले नाही, एखाद्या कार्यशाळेतही नाही, माझी गुणपत्रिका जाहीर करायला माझी हरकत नाही. बस, एवढंच. कार्यशाळेत एकदा जरी त्यांच्यापुढे बसली असशील, तर तेही त्याच पत्रात लिही.

आता ती एक गोष्ट, जी तुझ्या गाण्याबद्दल खरंच काही सांगते. तू लिहिलं आहेस, डोळे उघडले की परीक्षकांचं टेबल आणि घड्याळ दिसायचं. म्हणजे तू त्या तिघांकडे बघून गायलीस. स्पर्धेत हे होतंच, तुला दोष देत नाही. पण सभागृहात बसलेल्या दोनशे-तीनशे लोकांना ते कळतं. दुसऱ्याच्या परीक्षेला आपण नुसतेच शेजारी बसलो आहोत, असं त्यांना वाटत राहतं. त्या मुलानं मात्र लोकांकडे बघितलं असणार. तबलजीकडे बघून हसला असेल, तिहाई घेताना समोरच्या रांगेला सोबत घेऊन समेवर आला असेल. तुझा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघ, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐक. दोन्ही वेळा गुरुजींना शेजारी बसव. मारवा त्या तिघांपर्यंत पोचला तसा बाकीच्यांपर्यंत का पोचला नाही, याचं उत्तर तुम्हा दोघांना पहिल्या पाच मिनिटांतच सापडेल, असं मला वाटतं. सभागृहाच्या थंडपणातून घ्यायचं ते एवढंच. रागाची निवड चुकली, हे त्यातून निघत नाही.

म्हणून मैफलीत मारवाच गा. साडेसहा ही त्याची स्वतःची वेळ आहे, अशी संधी कितीदा येते? पाऊण तासातला अर्धा तास त्याला दे. पंचमाची तार निषादावर लावून तंबोरे नीट जुळवून घे. तुझ्या गावातच तंबोरे बनवणारी घराणी आहेत, जवारीबद्दल, म्हणजे तारांच्या झंकाराबद्दल, शंका असेल तर आधीच दाखवून आण. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला सांग की तंबोऱ्याचा आवाज सभागृहात मागच्या भिंतीपर्यंत गेला पाहिजे. स्पर्धेत तंबोऱ्याचा आवाज बहुतेक वेळा नावालाच असतो, आणि मारव्यात षड्ज गळ्यातून वर्ज्य असल्यासारखा असताना तो कानाला तंबोऱ्यातूनच मिळत राहावा लागतो. सुरुवातीला दोन वाक्यं बोल: कोणता राग गाते आहे आणि बंदिश कोणती. समजावून सांगायला जाऊ नकोस. मग गा, आणि घाई करू नकोस. या वेळी घंटा नाही. षड्ज येईल तेव्हा त्यावर थांब, पुरेसं थांब, डोळे उघड आणि समोर बघ.

त्यानंतर लोकांना तसंच ताटकळत ठेवून उठू नकोस. मारव्यानंतर षड्ज-पंचम भरभरून असलेलं काहीतरी द्यायलाच हवं. शुद्ध कल्याण तुमच्या घराण्याचा खास राग, त्यातला एखादा छोटा ख्याल घे. तराणा तुला मनापासून आवडत असेल, गळ्यात बसलेला असेल, तर तोही घे, भूप रागात घे, कुठल्याही रागात घे. पण स्पर्धेतल्या टाळ्या भरून काढण्यासाठी महिन्याभरात नवा तराणा पाठ करून नेऊ नकोस. पाठ केलेला तराणा लगेच ऐकू येतो. नाट्यपद येत असेल तर ते सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं.

मैफलीच्या आधी किंवा नंतर, कधी जमेल तेव्हा, तुझ्या गावच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात तुमच्या घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत गाण्यासाठी नाव दे. नामवंत गवई तिथे बिदागी न घेता नुसती हजेरी लावायला येतात, हे तुला मी सांगायला नको. ऐकायला येणाऱ्यांत वाद्यं बनवणारे असतात, शेतकरी असतात, रिक्षावाले असतात आणि चांगलं गाणं त्यांना आतून कळतं. किराणा घराण्याचं गाणं त्या मातीत वाढलेलं आहे. स्पर्धेत गाऊन गाऊन आपण फक्त गुण देणाऱ्यांसाठी गायला लागतो, ती सवय तिथे लवकर सुटते.

त्या मुलाला फोन कर. विजेत्यांच्या मैफलीत तोही असेलच. त्याचा तराणा तुला कसा वाटला ते मोकळेपणानं सांग, त्याला कुणी शिकवला ते विचार. "अहो, आणि तो मुलगा?" हे तो स्वतः म्हणालेला नाही. कदाचित त्यालाही ते ऐकून अवघडल्यासारखं झालं असेल, कारण त्यामुळे त्याचा दुसरा क्रमांकही कुणी नीट साजरा केला नसेल. मी परीक्षक म्हणून अशा स्पर्धांना बसले आहे. पहिला आणि दुसरा आलेला जिथे निकालानंतर एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे दोघांच्याही घरचे लोक पुढची कित्येक वर्षं त्यांना बोलू देत नाहीत. तुम्ही दोघं एकाच पिढीचे, उद्या एकाच मंचावर पुन्हा पुन्हा भेटणार आहात.

प्रतिक्रिया बंद करा असं आयोजकांना सांगू नकोस. बंद केल्या की लोक तेच दुसरीकडे लिहितील, आणि गाण्याबद्दल चांगलं लिहिणारेही गप्प होतील. कुणी तुझ्याबद्दल किंवा त्या परीक्षकांबद्दल अश्लील किंवा धमकीचं लिहिलं असेल तर तेवढंच काढायला सांग, तो तुझा हक्क आहे. बाकीच्यांना उत्तर देऊ नकोस, घरच्यांनाही देऊ देऊ नकोस, विशेषतः भावाला किंवा काकांना. मैफल होईपर्यंत तो व्हिडिओ गुरुजींबरोबर बघायचा तेवढाच बघ, आणि तेव्हा खालचं काही वाचू नकोस. आयोजकांना द्यायचं पत्र मात्र या आठवड्यातच लिही. मैफलीच्या निमंत्रणपत्रिका छापून यायच्या आत त्यांच्या हाती पडलं तर बरं.

— ताई